श्वानांचे शारीरिक पुनर्वसन : उपचाराचा उत्तरार्ध आणि त्याचे व्यावसायिक प्रशिक्षण

मेंढ्यांच्या वाड्याची राखण करणाऱ्या सात-आठ महिन्यांच्या कुत्र्याला मोटारसायकलची धडक बसते आणि मांडीचे हाड गुडघ्याच्या वर मोडते, हा प्रसंग ग्रामीण भागात नवा नाही. मालक त्याला पशुवैद्यकीय चिकित्सालयात नेतो, हाडात सळई बसविली जाते, यथावकाश टाके काढले जातात आणि कुत्रा घरी येतो. त्यानंतर ‘पाय हलता कामा नये’ या समजुतीने त्याला महिनाभर खुंट्याला बांधून ठेवले जाते. महिन्याने काढलेल्या क्ष-किरण चित्रात हाड उत्तम जुळलेले दिसते. परंतु पाय मात्र काठीसारखा ताठ झालेला असतो. गुडघा वाकत नाही आणि पंजा जमिनीवर नीट टेकत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण पाय निकामी झाला, अशी ही विचित्र अवस्था असते.

या अवस्थेचे कारण शस्त्रक्रियेत नसून तिच्यानंतरच्या काळजीत असते. वाढत्या वयातील कुत्र्यात मांडीच्या हाडाचा खालचा भाग मोडला असता मांडीच्या पुढील बाजूचा मोठा स्नायू नव्याने तयार होणाऱ्या हाडाला चिकटू लागतो. पाय सरळ अवस्थेत हालचालीविना राहिला, तर काही आठवड्यांतच हा स्नायू आखडतो, त्यातील मऊ तंतूंची जागा कठीण तंतू घेतात आणि गुडघ्याचा सांधा जखडला जातो. एकदा हे घडले की पाय पूर्ववत करणे बहुतेक वेळा शक्य होत नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांतच, पशुवैद्यकाच्या सूचनेनुसार, सांध्याला योग्य हालचाल दिल्यास हीच हानी बव्हंशी टाळता येते. श्वानांच्या शारीरिक पुनर्वसनाचे महत्त्व या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

शेती व पशुपालनाशी संबंध

कुत्र्यांची भौतिकोपचार पद्धती हा शहरातील हौशी लोकांचा विषय आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. मेंढपाळाच्या कळपामागे चालणारा, रात्री लांडग्याची चाहूल लागताच भुंकून वाडा जागा करणारा कुत्रा हा त्या व्यवसायाचा कार्यकारी घटक आहे. फळबागा, कुक्कुटपालन शेड, शेततळी व मळ्यातील वस्त्या यांची राखणही अनेक ठिकाणी कुत्र्यांवरच अवलंबून असते. असा प्राणी पांगळा झाल्यास त्याची जागा लगेच भरून निघत नाही. कळपाला व माणसांना ओळखणारा राखण्या तयार होण्यास मोठा काळ जातो.

देशी श्वानवंशांच्या संवर्धनाशीही हा विषय निगडित आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२० मध्ये तमिळनाडूतील राजापालयम व चिप्पीपराई आणि कर्नाटकातील मुधोळ हाउंड या तीन श्वानवंशांची अधिकृत नोंद केली. मुधोळ हाउंडलाच महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखले जाते. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ तालुक्यात तिम्मापूर येथे बिदरच्या कर्नाटक पशुवैद्यकीय, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र कार्यरत आहे. लांब पायांच्या व वेगाने धावणाऱ्या अशा वंशांत स्नायू, कंडरा व पायाच्या बोटांच्या दुखापती होण्याचा धोका असतो. पैदाशीसाठी मोलाचा नर किंवा मादी केवळ नंतरच्या काळजीअभावी निरुपयोगी ठरणे हे संवर्धनाच्या दृष्टीनेही नुकसानच आहे. मेरठ येथील रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात सैन्यासाठी श्वान तयार केले जातात. पोलीस दलांतही प्रशिक्षित श्वान कार्यरत असतात. अशा श्वानांच्या शिक्षणावर झालेला खर्च लक्षात घेता, दुखापतीनंतर त्यांना पुन्हा कामावर आणणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

पुनर्वसन म्हणजे नेमके काय?

पुनर्वसन म्हणजे केवळ मालीश नव्हे. दुखापत, शस्त्रक्रिया, मज्जातंतूंचा आजार किंवा वार्धक्य यांमुळे गेलेली हालचाल परत मिळविण्यासाठी, उरलेली हालचाल टिकविण्यासाठी आणि वेदना कमी करण्यासाठी केलेली नियोजनबद्ध उपाययोजना म्हणजे शारीरिक पुनर्वसन. त्यात शेक, व्यायाम, पाण्यातील चालणे, विद्युत उद्दीपन, वजननियंत्रण, निवाऱ्यातील बदल आणि मालकाचे शिक्षण या सर्वांचा समावेश होतो.

या शास्त्राचा पाया ऊती भरून येण्याच्या वेगावर आधारलेला आहे. त्वचेची जखम साधारणतः १० ते १४ दिवसांत टाके काढण्याइतकी भरते. प्रौढ कुत्र्याचे मोडलेले हाड सांधण्यास बहुधा ८ ते १२ आठवडे लागतात. पिल्लांमध्ये हा काळ बराच कमी असतो. कंडरा व अस्थिबंध यांना मूळ ताकद येण्यास कित्येक महिने लागतात. याउलट न वापरलेला स्नायू काही दिवसांतच झिजू लागतो. म्हणजे एका बाजूस हाडाला विश्रांती हवी असते, तर दुसऱ्या बाजूस स्नायूला व सांध्याला हालचाल हवी असते. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालणे हेच पुनर्वसनतज्ज्ञाचे खरे कौशल्य होय. हालचाल लवकर व जास्त झाली तर सळई सरकते. उशिरा व कमी झाली तर सांधा जखडतो.

शाखेचा विकास

मानवी वैद्यकात भौतिकोपचार ही दीर्घकाळापासून मान्यता पावलेली शाखा आहे. पशुवैद्यकात तिचा वापर प्रथम घोड्यांमध्ये रुजला. लहान प्राण्यांत ती विसाव्या शतकाच्या अखेरीस पद्धतशीरपणे आली. १९९९ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात कोर्व्हॅलिस येथे पशुवैद्यकीय पुनर्वसन व भौतिकोपचार या विषयावरील पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. टेनेसी विद्यापीठातील पशुशल्यचिकित्सक डॅरिल मिलिस व भौतिकोपचारतज्ज्ञ डेव्हिड लेव्हिन यांनी संपादित केलेला श्वान पुनर्वसनावरील पाठ्यग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एक पशुवैद्यक आणि दुसरा मानवी भौतिकोपचारतज्ज्ञ, अशी ही जोडी होती. या शाखेचे स्वरूपच त्यातून दिसून येते. प्राण्याचे शरीर व रोग पशुवैद्यकाला ठाऊक असतात, तर हालचाल परत मिळविण्याची तंत्रे भौतिकोपचारतज्ज्ञाला. दोन्ही ज्ञानशाखा एकत्र आल्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही.

टेनेसी विद्यापीठाचा श्वान पुनर्वसनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पशुवैद्यक, पशुवैद्यकीय तंत्रज्ञ व मानवी भौतिकोपचारतज्ज्ञ या सर्वांसाठी आहे. दूरस्थ सैद्धांतिक पाठ, प्रत्यक्ष कुत्र्यांवरील सराव, मान्यताप्राप्त केंद्रातील अनुभव, रुग्णांचे लेखी वृत्तान्त आणि शेवटी परीक्षा अशी त्याची रचना आहे. २०१० मध्ये अमेरिकेत पशुवैद्यकीय क्रीडावैद्यक व पुनर्वसन या विषयाला स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा मिळाला. ब्रिटनमध्ये १९६६ च्या पशुवैद्यक कायद्याखालील २०१५ च्या सवलत आदेशानुसार पशुवैद्यक नसलेली व्यक्ती प्राण्यांवर भौतिकोपचार करू शकते; मात्र पशुवैद्यकाने प्राणी तपासून तसे निर्देश देणे बंधनकारक असते. प्रथम निदान आणि मगच व्यायाम, हे तत्त्व दोन्ही देशांतील व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

प्रशिक्षणात काय शिकविले जाते?

व्यावसायिक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम संस्थेनुसार थोडाफार बदलतो. तथापि पुढील घटक सर्वत्र मूलभूत मानले जातात.

१. शरीररचना व चालीचे निरीक्षण : उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर व ४० टक्के भार मागच्या पायांवर असतो. पुढचा पाय दुखत असल्यास तो जमिनीवर टेकताना कुत्रा डोके वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना डोके खाली जाते. ही खूण ओळखता आली की कोणता पाय दुखतो, याचा अंदाज यंत्राविना बांधता येतो. प्रशिक्षणार्थीला कुत्र्याची चाल समोरून, मागून व बाजूने, प्रथम सावकाश व नंतर दुडक्या चालीत पाहण्याचा सराव दिला जातो.

२. मोजमाप : ‘बरे वाटते’ ही नोंद पुरेशी नसते. सांधा किती अंशांत वाकतो व किती सरळ होतो, हे कोनमापकाने मोजले जाते. निरोगी लॅब्रॅडॉरचा गुडघा सरासरी सुमारे ४२ अंशांपर्यंत वाकतो आणि १६२ अंशांपर्यंत सरळ होतो. मांडीचा घेर टेपने मोजून दुसऱ्या पायाशी त्याची तुलना केली जाते. दर आठवड्याला हे आकडे नोंदविल्यास उपचार योग्य दिशेने चालला आहे की नाही, हे निःसंशय कळते.

३. शेक : शस्त्रक्रिया किंवा दुखापतीनंतरच्या पहिल्या सुमारे ७२ तासांत थंड शेक उपयुक्त असतो. बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटे लावला जातो. सूज ओसरल्यानंतर, व्यायामापूर्वी, सोसेल असा कोमट शेक दिल्यास ऊती सैल होतात. ताज्या सुजेवर गरम शेक देणे व संवेदना गेलेल्या भागावर कोणताही तीव्र शेक देणे वर्ज्य आहे.

४. हातांनी दिलेली हालचाल : कुत्र्याला कुशीवर निजवून, वरच्या बाजूच्या पायाला आधार देऊन, प्रत्येक सांधा सावकाश वाकविणे व सरळ करणे याला निष्क्रिय हालचाल म्हणतात. सर्वसाधारणपणे एका वेळी १० ते १५ आवर्तने, दिवसातून दोन ते तीन वेळा दिली जातात. कुत्र्याने मान वळविली, ओठ चाटले किंवा अंग ताठ केले की मर्यादा आली असे समजावे. त्यापुढे जोर लावू नये.

५. सक्रिय व्यायाम : आधाराने उभे करणे, बसवून पुन्हा उठविणे, जमिनीपासून थोड्या उंचीवर ठेवलेल्या दांड्यांवरून सावकाश चालविणे, उतारावर चढविणे व आठाच्या आकड्यात फिरविणे हे प्रमुख व्यायाम होत. पायावर भार घेण्याची सवय व तोल या दोन्ही गोष्टी त्यातून सुधारतात.

६. पाण्यातील व्यायाम : पाणी शरीराला वर उचलते, त्यामुळे दुखऱ्या सांध्यावरील भार कमी होतो. कुत्र्यांवरील मोजमापांनुसार पाणी मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत असता पायांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे ९१ टक्के भार येतो. गुडघ्यापर्यंत असता ८५ टक्के. आणि खुब्याच्या उंचवट्यापर्यंत असता केवळ ३८ टक्के. पाण्यातील ट्रेडमिलवर पातळी बदलून भार हवा तसा ठरविता येतो. मात्र टाके ओले असणे, उघडी जखम, श्वसनाचा किंवा हृदयाचा त्रास असताना पाण्यात उतरविणे धोक्याचे असते.

७. यंत्रोपचार : विद्युत उद्दीपनाने दुर्बल स्नायूचे आकुंचन घडविता येते. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी खोल ऊतींना ऊब देता येते. त्यासाठी त्या जागेचे केस काढावे लागतात, कारण केसांत अडकलेली हवा लहरींना अडविते. लेसर वापरताना माणसांच्या व प्राण्याच्या डोळ्यांचे संरक्षण अनिवार्य असते. गाठ किंवा कर्करोगाची शंका असलेला भाग, गाभण मादीचे पोट आणि पिल्लांच्या हाडांची वाढीची टोके येथे ही साधने कधी व का वापरू नयेत, हे शिकणे यंत्राचे बटण दाबण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

८. सुरक्षितता : वेदनेत असलेला शांत कुत्राही चावू शकतो. म्हणून तोंडाला मुसके किंवा कापडी पट्टी बांधणे, देहबोली ओळखणे आणि कुत्र्याचे व हाताळणाऱ्याचे रेबीज लसीकरण हा प्रशिक्षणाचा पहिला पाठ असावा. कुत्र्यांशी नियमित संपर्क येणाऱ्या प्रत्येकाने वैद्यकीय सल्ल्याने चाव्यापूर्वीचे प्रतिबंधक लसीकरण करून घेणे आवश्यक आहे.

निदानाआधी व्यायाम नको

मागचे पाय अचानक लुळे पडलेला प्रत्येक कुत्रा अपघातग्रस्त असतो असे नाही. रेबीजचा पक्षाघाती प्रकार, डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार, मणक्यातील चकती सरकणे, गोचिडांमुळे होणारे रोग यांतही असाच दुबळेपणा दिसू शकतो. लसीकरणाचा इतिहास ठाऊक नसलेला, लाळ गाळणारा, जबडा लोंबकळणारा किंवा स्वभाव अचानक बदललेला कुत्रा आढळल्यास त्याला हात न लावता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालून ‘घशात हाड अडकले का’ हे पाहण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.

पक्षाघाताच्या तपासणीत एक चूक वारंवार होते. पायाचे बोट चिमटीत दाबल्यावर पाय मागे खेचला गेला, म्हणजे संवेदना शाबूत आहे, असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात पाय आखडणे ही केवळ मज्जारज्जूच्या पातळीवरील प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्र्याने मान वळवून पाहिले, ओरडला किंवा चावण्याचा प्रयत्न केला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असे मानता येते. खोल वेदना जाणवत असेल तर पुन्हा चालण्याची शक्यता चांगली असते. ती गेली असेल तर तातडी अधिक आणि आशा कमी असते. मालकाला खरी कल्पना देण्यासाठी हा फरक ओळखता येणे आवश्यक आहे.

मांडीच्या मागील बाजूस चुकीच्या जागी टोचलेल्या इंजेक्शनानेही पायाकडे जाणाऱ्या मुख्य मज्जातंतूस इजा होते. कुत्रा पंजा उलटा टेकवून चालू लागतो व पंजाची वरची बाजू सोलवटते. इंजेक्शननंतर लगेच असे लक्षण दिसल्यास वाट न पाहता पशुवैद्यकास दाखवावे.

माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यास देऊ नयेत. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांसारख्या औषधांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, रक्तस्राव होतो व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वेदनाशमन हा पुनर्वसनाचा अविभाज्य भाग असला, तरी औषध व मात्रा ठरविण्याचा अधिकार पशुवैद्यकाचाच आहे.

भारतातील कायदा आणि अधिकारांची मर्यादा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकासच आहे. पशुधन पर्यवेक्षकासारख्या पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना राज्य शासनाच्या आदेशान्वये आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येतात. याचा पुनर्वसनाच्या संदर्भातील अर्थ स्पष्ट आहे. रोगनिदान करणे, क्ष-किरण चित्राचा अर्थ लावणे, औषध लिहून देणे व उपचाराचा आराखडा ठरविणे हे पशुवैद्यकाचे काम होय. ठरवून दिलेला व्यायाम करून घेणे, मोजमापे नोंदविणे, शुश्रूषा करणे व मालकाला शिकविणे ही सहायकाची भूमिका होय.

अल्पमुदतीचे किंवा दूरस्थ प्रमाणपत्र मिळाल्याने ही मर्यादा बदलत नाही. परदेशातील प्रमाणपत्रही ज्ञान देते; भारतात व्यवसायाची परवानगी देत नाही. म्हणून प्रशिक्षणासाठी पैसे भरण्यापूर्वी इच्छुकांनी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

• अभ्यासक्रम कोणत्या पूर्वपात्रतेच्या व्यक्तींसाठी आहे? पशुवैद्यक, पदविकाधारक व सामान्य व्यक्ती यांना एकच प्रमाणपत्र दिले जात असल्यास सावध राहावे.
• शिकविणाऱ्यांत नोंदणीकृत पशुवैद्यक आहेत काय?
• जिवंत कुत्र्यांवर, देखरेखीखाली, प्रत्यक्ष सराव किती तासांचा आहे? केवळ चित्रफिती पाहून सांध्याची मर्यादा हाताला कळत नाही.
• रुग्णवृत्तान्त लिहावे लागतात काय व परीक्षा कोण घेते?
• उपचार कधी करू नयेत, याचे स्वतंत्र पाठ आहेत काय?
• प्रमाणपत्रधारक स्वतःस ‘डॉक्टर’ म्हणवू शकेल, असे आश्वासन दिले जात आहे काय? असे आश्वासन दिले जात असेल, तर तो अभ्यासक्रम टाळावा.

पशुवैद्यकीय पदवीधरांसाठी शल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र या विषयातील पदव्युत्तर शिक्षण हा या क्षेत्राचा भक्कम पाया ठरतो. पदविकाधारकांनी विद्यापीठांच्या चिकित्सालयांत शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेचा अनुभव घ्यावा आणि मगच पुढील प्रमाणपत्राचा विचार करावा.

घरच्या साधनांनी होणारे पुनर्वसन

पाण्यातील ट्रेडमिल प्रत्येक तालुक्यात येणे नजीकच्या काळात संभवत नाही. परंतु पुनर्वसनाचा मोठा भाग यंत्राविना, घरच्या साधनांनी साध्य होतो. पशुवैद्यकाने आराखडा ठरवून दिल्यानंतर पुढील उपाय वस्तीवरही करता येतात.

आधारपट्टा : जुन्या सुती साडीचा किंवा टॉवेलचा रुंद पट्टा पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे घेऊन दोन्ही टोके वर धरावीत. कुत्र्याचे वजन पूर्ण उचलू नये. तोल जाणार नाही एवढाच आधार द्यावा. नरामध्ये पट्टा लघवीच्या मार्गावर दाबणार नाही, याची काळजी घ्यावी.

जमीन : गुळगुळीत फरशीवर दुबळा कुत्रा घसरतो व बरा होत आलेला पाय पुन्हा दुखावतो. फरशीवर गोणपाट किंवा सतरंजी अंथरावी. मातीची सपाट, दाबून घट्ट केलेली जमीन चालण्याच्या सरावास उत्तम.

दांड्यांचा व्यायाम : चार-पाच बांबू किंवा पीव्हीसी नळ्या एकेका शरीरलांबीच्या अंतराने जमिनीवर मांडाव्यात. कुत्रा सावकाश चालत असतानाच त्यांवरून न्यावा. उड्या मारू देऊ नयेत. प्रगतीनुसार दांड्या विटांवर ठेवून थोड्या उंच कराव्यात.

पट्ट्यावरील चालणे : सुरुवातीस पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा चालणे पुरेसे असते. वेळ दर आठवड्यास थोडा थोडा वाढवावा. व्यायामानंतर किंवा दुसऱ्या दिवशी लंगडणे वाढल्यास मागील आठवड्याच्या प्रमाणावर परत यावे. कुत्रा मोकळा सोडणे हा शेवटचा टप्पा असतो, पहिला नव्हे.

पांगळ्या कुत्र्याची शुश्रूषा : कोरड्या, जाड अंथरुणावर ठेवून दर चार तासांनी कूस बदलावी, अन्यथा खुब्यावर व कोपरावर व्रण पडतात. मूत्राशय आपोआप रिकामे होत नसल्यास दिवसातून तीन ते चार वेळा पोट दाबून ते रिकामे करावे लागते. हे तंत्र पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष हाताने शिकून घ्यावे. थेंब थेंब लघवी गळणे म्हणजे मूत्राशय रिकामे होत आहे असे नव्हे; तुडुंब भरलेले मूत्राशयही गळते. पाठीच्या कण्याला अलीकडेच इजा झालेली असल्यास कुत्र्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर सपाट ठेवूनच हलवावे.

वजन : सांध्यांच्या दुखण्यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वजन आटोक्यात ठेवणे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ टक्के कमी आहार मिळालेल्या गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. सडपातळ गटात सांध्यांच्या झिजेवर उपचार करण्याची वेळही उशिरा आली. बरगड्या डोळ्यांना ठळक दिसू नयेत, पण हलका हात फिरविताच सहज लागाव्यात. वरून पाहता कंबर दिसावी. दुखापतीमुळे बसून असलेल्या कुत्र्याची भाकरी कामावरच्या कुत्र्याइतकीच ठेवल्यास वजन वाढते व अधू पायावर भार पडतो.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

विस्तार कार्यकर्ता, पशुधन पर्यवेक्षक व पशुसखी हे चिकित्सालय आणि वस्ती यांमधील दुवा आहेत. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याचा मालक फेरतपासणीस येत नाही, याचे कारण बहुधा अनास्था नसून अंतर, मजुरी बुडणे आणि ‘टाके निघाले म्हणजे उपचार संपला’ हा समज असतो. मेंढपाळ तर ऋतूनुसार स्थलांतर करीत असतात. सहा आठवड्यांनी ते दुसऱ्याच जिल्ह्यात असू शकतात. अशा वेळी कार्यकर्त्याने एक साधी नोंदपत्रिका मालकाजवळ द्यावी. तीत दुखापतीची व शस्त्रक्रियेची तारीख, बसविलेली सळई किंवा पट्टी, पशुवैद्यकाने सांगितलेले व्यायाम, दोन्ही मांड्यांचा घेर, पाय टेकतो की नाही आणि फेरतपासणीची तारीख एवढ्याच बाबी असाव्यात. पुढील गावातील पशुवैद्यकास त्या पत्रिकेवरून उपचार पुढे चालविता येतो. भ्रमणध्वनीवर दर आठवड्यास काढलेली चालीची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत ही नोंद अधिक परिपूर्ण करते.

पुढील लक्षणे दिसल्यास व्यायाम थांबवून त्वरित पशुवैद्यकाशी संपर्क साधावा : टेकू लागलेला पाय पुन्हा उचलून धरणे, जखमेतून पू किंवा दुर्गंधी, सळईचे टोक त्वचेबाहेर येणे, पंजा थंड पडणे किंवा सुजणे, २४ तास लघवी न होणे, आणि गुडघ्याचा वाकण्याचा कोन दर आठवड्यास कमी होत जाणे. यांपैकी शेवटचे लक्षण सर्वांत शांतपणे येते. कुत्रा ओरडत नाही, जखम वाहत नाही, खाणेपिणे नेहमीसारखे असते; म्हणून ते सर्वाधिक दुर्लक्षिले जाते.

समारोप

श्वान पुनर्वसनाचे व्यावसायिक प्रशिक्षण हे पशुवैद्यकीय सेवेचे स्वाभाविक पुढचे पाऊल आहे. शहरी चिकित्सालयांत त्यातून ग्रामीण पदविकाधारक युवकांना सहायक म्हणून कामाची संधी मिळू शकते. ग्रामीण भागात राखणीच्या व पैदाशीच्या कुत्र्यांचे आयुष्य उपयुक्त राहू शकते. मात्र त्यासाठी तीन गोष्टींचे भान हवे : निदान पशुवैद्यकाचे, सराव प्रशिक्षित हातांचा आणि सातत्य मालकाचे. शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उतरलेल्या कुत्र्याला घरी सोडताना ‘बांधून ठेवा’ एवढेच सांगण्याऐवजी पाय कसा, किती व केव्हा हलवायचा हे मालकाच्या हाताला दाखवून दिले, तर वाड्याच्या दारात ताठ पायाने बसून राहणारा कुत्रा पुन्हा कळपामागे चालू लागण्याची शक्यता निश्चितच वाढते.